फराजचा पक्ष की पक्षाचा फराज?

स्विंडन बघायला मुद्दाम कुणी येत नाही. लंडनहून ब्रिस्टलकडे जाणारी गाडी इथे थांबते, आणि पाच छोटी वर्तुळं एका मोठ्या वर्तुळाला चिकटवून केलेला ‘मॅजिक राउंडअबाउट’ नावाचा एक चौक आहे, ज्यात नवखा ड्रायव्हर हमखास रडकुंडीला येतो. एवढीच या गावाची ख्याती. पण ब्रिटन युरोपातून बाहेर का पडलं हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याने संसदेतली भाषणं ऐकण्यापेक्षा अशा एखाद्या गावात काही वर्षं संसार करावा. मी केला. आणि त्या वर्षांतल्या कितीतरी संध्याकाळी मी ‘यूकिप’ या एका पक्षावर भांडण्यात घालवल्या.

यूकिप म्हणजे युनायटेड किंग्डम इंडिपेंडन्स पार्टी. रंग जांभळा-पिवळा, चिन्ह पौंडाचं. मागणी एकच, युरोपियन युनियनमधून बाहेर पडा. आणि त्याचा सगळ्यांत गाजलेला नेता नायजेल फराज. भारतातून आलेल्या माणसाला ‘इंडिपेंडन्स’ हा शब्द इंग्रजाच्या तोंडून ऐकताना जरा मौज वाटते. मला सुरुवातीला वाटलीच. पण पहिल्याच वादात मी तो टोमणा मारला आणि समोरच्या म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, “म्हणजे तुला त्याची किंमत कळायला हवी, नाही का?” त्यानंतर तो टोमणा मी कधी काढला नाही.

हा म्हातारा म्हणजे आमचे रेल्वेवाले. आमची भेट अलॉटमेंटवरची. इथे नगरपालिका गावाबाहेरच्या जमिनीचे तुकडे पाडून वर्षाच्या भाड्याने भाजी लावायला देते. तुकड्याचं माप अजूनही ‘रॉड’मध्ये सांगतात. पूर्ण तुकडा दहा रॉडचा, म्हणजे साधारण अडीचशे चौरस मीटर. मला मिळाला तो त्याच्या अर्धा. मी त्यात मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात लावायची. शेजारच्या तुकड्यात रेल्वेवाल्यांचे रनर बीन्सचे वेल, लीक आणि रुबार्ब. त्यांच्या वेलांच्या काठ्या आठ फुटी, दोन काठ्यांमधलं अंतर एक फूट. मोजपट्टीवर सेंटिमीटरची बाजू होती, ती त्यांनी काळ्या चिकटपट्टीने झाकून टाकलेली. २००१ साली संडरलंडमधल्या एका भाजीवाल्याला केळी पौंडात मोजून विकली म्हणून कोर्टाने दोषी ठरवलं होतं. तो प्रसंग ते काल घडल्यासारखा सांगत. मी म्हटलं, आमच्याकडे शेर, पायली, मण सगळं होतं. १९५८ पासून किलो आला, आणि माझी आजी मरेपर्यंत पायलीच म्हणायची, पण तिला कुणी कोर्टात नेलं नाही. त्यावर ते म्हणाले, “कारण तो कायदा तुमच्या संसदेने केला. ब्रसेल्सने नाही.” ब्रसेल्स म्हणजे युरोपियन युनियनचं ठाणं. त्यांचं सगळं राजकारण या एका वाक्यात आलं.

ते स्विंडनच्या रेल्वे कारखान्यात शिकाऊ कामगार म्हणून लागले होते. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा हा कारखाना १८४३ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती हे गाव वसलं. १९८६ मध्ये तो बंद झाला. आता त्या इमारतींत ब्रँडेड कपड्यांची दुकानं आहेत आणि एक रेल्वे संग्रहालय. ज्या शेडमध्ये आपण इंजिनाखाली झोपून काम केलं तिथे आता लोक सवलतीतले बूट घेतात, याचा त्यांना राग होता. पण त्यात युरोपचा काही दोष नव्हता, हेही ते प्रामाणिकपणे मान्य करत. त्यांची तक्रार निराळी. १९७५ च्या सार्वमतात देशातल्या ६७ टक्के लोकांनी युरोपात राहायचं ठरवलं, त्यात त्यांचंही मत होतं. तेव्हा त्याला ‘कॉमन मार्केट’ म्हणत. “मी बाजाराला मत दिलं होतं, सरकारला नाही.” १९९२ मध्ये मास्ट्रिक्टचा करार झाला, ज्याने त्या बाजाराचं युरोपियन युनियन केलं, आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. पुढच्याच वर्षी यूकिप निघाला आणि ते अगदी सुरुवातीच्या सभासदांपैकी झाले.

पक्ष कुणी काढला? फराजने नाही. इथे रेल्वेवाले खुर्चीत पुढे सरकून बसत. पक्ष काढला ॲलन स्केड यांनी, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी. मुळात त्यांचं म्हणणं होतं की निवडून आलो तरी युरोपियन संसदेत बसायचंच नाही, कारण जी संस्था मान्य नाही तिचा पगार कसा घ्यायचा? सभासदत्वाच्या सुरुवातीच्या अर्जावर परकीयांविषयी आणि अल्पसंख्याकांविषयी पक्षाला आकस नाही असं वाक्य होतं, ते पुढे गळलं, हे स्वतः स्केड सांगत आले आहेत. १९९७ मध्ये, भलती माणसं शिरली असं म्हणत, ते आपल्याच पक्षातून बाहेर पडले.

आमच्या वादातला तिसरा गडी प्लंबर. चाळिशीतला, गाडीवर स्वतःचा फोन नंबर, हातात कायम कॉफीचा थर्मास. त्याच्या वडिलांचा तुकडा होता, त्यांच्यानंतर त्याच्याकडे आला आणि तिथे तो बटाट्याखेरीज काही लावत नसे. त्याला स्केड माहीत नव्हते आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती. त्याला फराज आवडायचा. सरळ, बिनशर्त. फराज पबमध्ये बसून बिअर पितो, सिगरेट ओढतो, आपल्यासारखं बोलतो. फराज लंडनच्या बाजारात धातूंच्या सौद्यांचा दलाल होता, खासगी शाळेत शिकला, हे मी सांगितलं की तो म्हणे, “मग? माझा डेंटिस्टपण खासगी शाळेतला आहे.”

तर हा पक्षनिष्ठ म्हातारा, तो नेतानिष्ठ प्लंबर. दोघं एकाच पक्षाचे मतदार, पण खरा वाद त्या दोघांतच. मी, युरोपात राहावं या मताची, बऱ्याचदा नुसती पंच असायची. रेल्वेवाल्यांना फराज हा पक्षावर बसलेला कोकिळेचा पोर वाटे. प्लंबरला पक्ष म्हणजे फराजच्या गाडीचा ट्रेलर. १९९४ मध्ये ईस्टलीच्या पोटनिवडणुकीत फराज पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याला ९५२ मतं मिळाली. मागे होता तो ‘मॉन्स्टर रेव्हिंग लूनी’ या विदूषकी पक्षाचा उमेदवार लॉर्ड सच, ७८३ मतांवर. रेल्वेवाले हा आकडा आनंदाने सांगत. प्लंबर म्हणे, “बरोबर. आणि तिथून तो कुठे पोचला? तुमचे प्राध्यापक कुठे आहेत?”

मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं, आणि तीच या पक्षाची शोकांतिका. फराजशिवाय तो चाळीस माणसांच्या हॉलमधली व्याख्यानमाला राहिला असता. फराजबरोबर तो पक्ष राहिलाच नाही.

एका मुद्द्यावर मात्र मी दोघांनाही सोडत नसे. यूकिप जगला कशावर? १९९९ पर्यंत युरोपियन संसदेच्या ब्रिटनमधल्या निवडणुका एका मतदारसंघात एकच विजेता अशा पद्धतीने व्हायच्या. तिथे छोट्या पक्षाला थारा नाही. त्या वर्षी ब्लेअर सरकारने मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत आणली, आणि यूकिपचे तीन खासदार थेट युरोपच्या संसदेत जाऊन बसले. फराज त्यातला एक. आणखी एक, मायकेल होम्स, आमच्या नैर्ऋत्य इंग्लंडचे. बसायचं नाही ही भूमिका तोवर इतिहासजमा झाली होती. पगार, भत्ते, कचेरीचा खर्च, बोलायला व्यासपीठ, सगळं युरोपने दिलं. ज्या घरातून निघायचं, त्याच घरचं जेवून यांनी अंगात ताकद आणली. वर गंमत अशी की होम्स तेव्हा पक्षाचे नेते होते आणि निवडून गेल्यावर त्यांनी केलेल्या भाषणात युरोपियन संसदेला जास्त अधिकार हवेत असा सूर निघाला. पक्षात रण माजलं आणि २००० च्या सुरुवातीलाच त्यांचं नेतेपद गेलं.

यावर रेल्वेवाल्यांचं उत्तर ठरलेलं. “आम्हीच भरलेले पैसे परत आणत होतो.” उत्तर वाईट नव्हतं, पण ते देताना ते माझ्याकडे न बघता किटलीकडे बघत. त्यांच्या शेडमध्ये एक छोटा गॅसचा चुला होता. चहा झाला की एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघे, त्यावर राणीच्या राज्याभिषेकाचं चित्र. वाद कितीही तापला तरी डबा फिरायचा. प्लंबर दोन बिस्किटं उचलायचा. मी कधी चकल्या न्यायची, त्या त्याला फार आवडत. यूकिपच्या राजवटीत चकलीला परवाना लागेल का, असं मी विचारी.

२०१४ चा मे महिना म्हणजे त्या दोघांची दिवाळी. युरोपियन निवडणुकीत यूकिप देशात पहिला, २४ खासदार. आमच्या विभागातल्या सहापैकी दोन जागा त्यांच्या. या विभागात जिब्राल्टरही मोडायचं, म्हणजे स्विंडनचा रेल्वे कामगार आणि भूमध्य समुद्राच्या तोंडावरचा दुकानदार एकाच मतदारसंघातले. दोन विजेत्यांपैकी एक होते अर्ल ऑफ डार्टमथ, राजकुमारी डायनाचे सावत्र भाऊ. सामान्य माणसाच्या पक्षाने आम्हाला एक उमराव दिला. हे मी प्लंबरला ऐकवलं तेव्हा तो पहिल्यांदाच थोडा खजील झाला. “यादी पक्ष करतो, फराज नाही,” म्हणाला. चांगलं झालं ते फराजने, चुकलं ते पक्षाने. हा त्याचा हिशेब मला ओळखीचा वाटला. आपल्याकडेही ‘साहेबांना ठाऊक नसतं, आजूबाजूचे लोक घोळ घालतात’ असं म्हणणारे कार्यकर्ते मी लहानपणापासून बघितले आहेत.

पुढच्या वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत यूकिपला ३८ लाखांहून जास्त मतं पडली. जागा एक. स्कॉटिश नॅशनल पार्टीला साडेचौदा लाख मतांत ५६. त्या आठवड्यात आमचं पहिल्यांदा आणि शेवटचं एकमत झालं, की हे न्याय्य नाही. फराज स्वतः साउथ थॅनेटमध्ये हरला, आणि ज्याच्याकडून हरला तो क्रेग मॅकिन्ले कधीकाळी यूकिपचाच कार्यवाहू नेता होता. हरलो तर नेतेपद सोडेन असं फराजने सांगितलं होतं, सोडलं. तीन दिवसांनी पक्षाच्या कार्यकारिणीने राजीनामा नामंजूर केला आणि तो परत नेता. “बघ, पक्षाला तोच हवाय,” प्लंबर म्हणाला. रेल्वेवाल्यांनी फावडं जमिनीत रोवलं आणि म्हणाले, “माझा राजीनामा १९८६ मध्ये कुणी नामंजूर केला नव्हता.”

*

इथे चौथ्या माणसाला आणायला हवं. ते म्हणजे पेडण्याचे काका.

स्विंडनमध्ये गोंयकार भरपूर. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, पण त्याआधी तिथे जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपलेच नागरिक समजतं, आणि तो हक्क त्यांच्या मुलांना, नातवंडांना मिळतो. लिस्बनच्या दप्तरात जन्म नोंदवायचा, पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा, भारताचा परत करायचा आणि, ब्रिटन युरोपात होतं तोवर, युरोपियन नागरिक म्हणून थेट इंग्लंड गाठायचं. पोर्तुगालला एकदाही न गेलेले पोर्तुगीज इथे गोदामांत रात्रपाळी करतात. त्यातले बरेच बार्देश-साष्टीकडचे ख्रिस्ती, पण हिंदूही आहेत. काका पेडण्याचे. घरात मराठी वर्तमानपत्र वाचत वाढलेले, भजनाला बसणारे. माझ्या तुकड्यात लाल माठ येतो हे कळल्यापासून ते रविवारी अलॉटमेंटवर येऊ लागले आणि वादात ओढले गेले.

युरोपात राहायचं की बाहेर पडायचं यावर जून २०१६ मध्ये सार्वमत होतं. त्याआधी, वसंतात, एकदा रेल्वेवाले त्यांना समजावत होते. आमचा राग तुमच्यावर नाही. तुम्ही राष्ट्रकुलातले, इंग्रजी बोलता, क्रिकेट खेळता, महायुद्धात आमच्या खांद्याला खांदा लावून लढलात. पूर्व युरोपातून कुणीही विनाअट येतो आणि भारतातल्या डॉक्टरला व्हिसासाठी रांग, हा अन्याय आहे. हा युक्तिवाद त्यांचा एकट्याचा नव्हता. फराजनेही भारतीय आणि ऑस्ट्रेलियन लोक पूर्व युरोपीयांपेक्षा आपल्याला जवळचे वाटतात, अशा अर्थाचं जाहीरपणे म्हटलं होतं. ब्रिटनमधल्या कितीतरी करी-हाउसवाल्यांनी बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं ते याच आशेवर, की मग स्वयंपाकी आणणं सोपं होईल.

काकांनी ऐकून घेतलं, जाकिटाच्या आतल्या खिशातून पासपोर्ट काढला आणि पुढे केला. गडद लाल कव्हर, वर पोर्तुगीजमध्ये ‘युरोपियन युनियन’, खाली पोर्तुगालचं राजचिन्ह. रेल्वेवाल्यांनी हात पुसले, चष्मा लावला, पान उलटलं. नाव मराठी, जन्मस्थळ गोवा, नागरिकत्व पोर्तुगीज.

“पण तुम्ही तर इंडियन आहात.”

“कागदावर ही इंडियन,” काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “तिला मत आहे. मला नाही.”

हे अगदी खरं होतं. त्या सार्वमतात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना मताचा अधिकार होता. माझ्या पासपोर्टवर अशोकस्तंभाचे सिंह असूनही युरोपच्या भवितव्यावर मला मत देता येणार होतं. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडून बाकी युरोपीयांना, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर कुऱ्हाड पडायची होती त्यांनाच, तो नव्हता. काका रेल्वेवाल्यांना म्हणाले, “सावंतवाडीकरांनी पेडणं पोर्तुगीजांना दिलं नसतं, तर आज मीही हिच्यासारखा असतो. आणि कुणी सांगावं, तुमच्या बाजूनेच मत दिलं असतं.” अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकरांच्या हातून पेडणं गेलं, हा इतिहास समजावून सांगायला मला पुढचा अर्धा तास लागला. रेल्वेवाल्यांनी मन लावून ऐकला. म्हणाले, “म्हणजे वरच्यांनी करार केला आणि खालच्यांना कुणी विचारलं नाही.” मग थांबून, “मास्ट्रिक्ट.”

काका हसून हसून बेजार. मला मात्र तो हसण्यावारी नेण्याचा प्रसंग वाटला नाही. ज्या माणसाला हे म्हातारे आपला म्हणत होते, त्याच्याच कागदांविरुद्ध ते मत देणार होते, आणि हे कळल्यावरही त्यांचं मत बदललं नाही. “तुमचं नीट करतील,” एवढंच काकांना म्हणाले. कोण करतील, कसं करतील, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

जूनच्या १६ तारखेला फराज एका पोस्टरसमोर उभा राहिला. निर्वासितांची लांबच लांब रांग, वर ‘ब्रेकिंग पॉइंट’. फोटो आदल्या वर्षीचा, स्लोव्हेनियाच्या सीमेवरचा. त्यातले चेहरे पोलंड-रुमेनियाचे नव्हते. आमच्या रंगाचे होते. त्याच दिवशी दुपारी जो कॉक्स या मजूर पक्षाच्या खासदार बाईंचा त्यांच्या मतदारसंघात खून झाला. संध्याकाळी मी पाणी घालायला गेले होते. प्लंबर आला नाही. रेल्वेवाले आले, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, “ते आमचं नव्हे.” मी म्हटलं, पोस्टरवर तुमच्या पक्षाचं नाव आहे. “हो,” म्हणाले. “पण ते आमचं नव्हे.” इतर वेळी मी त्यांना हे सोडून दिलं नसतं. त्या दिवशी वाद घालायची इच्छाच नव्हती. मात्र तेव्हापासून मला एक कळून चुकलं: पक्ष आणि नेता वेगळे आहेत ही त्यांची मांडणी तत्त्वाची होती तशी सोयीचीही होती. नको ते नेत्याच्या खात्यावर, हवं ते पक्षाच्या. प्लंबरचा हिशेब उलटा करून मांडलेला, एवढंच.

२३ जूनला देशाने ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडायचं ठरवलं. स्विंडनमध्ये ५४.७ टक्के. दुसऱ्या दिवशी प्लंबरने पबमध्ये सगळ्यांना बिअर पाजली म्हणे. रेल्वेवाले सकाळीच तुकड्यावर होते. मी अभिनंदन केलं. मनापासून नव्हतं, पण शेजारधर्म म्हणून केलं. म्हणाले, “आता पक्षाचं शटर ओढायचं. काम झालं.” पक्षाच्या स्थानिक शाखेला त्यांनी तसं पत्रही लिहिलं. उत्तर आलं नाही.

*

पुढे जे झालं ते आठवलं की आजही हसू आवरत नाही. ४ जुलैला फराजने नेतेपद सोडलं. स्टीव्हन वुल्फ नावाच्या संभाव्य वारसदाराचा अर्ज १७ मिनिटं उशिरा पोचला म्हणून बाद झाला. डायान जेम्स निवडून आल्या आणि १८ दिवसांत गेल्या. ऑक्टोबरमध्ये स्ट्रासबर्गला, युरोपियन संसदेच्या इमारतीत, वुल्फ आणि पक्षाच्याच दुसऱ्या खासदारात बाचाबाची झाली आणि वुल्फ रुग्णालयात. मारलं नाही, असं दुसऱ्याचं म्हणणं. मध्येच फराज पुन्हा हंगामी नेता. मग पॉल नटॉल, स्टोकच्या पोटनिवडणुकीत हरले. २०१७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्ष १२.६ वरून १.८ टक्क्यांवर. मग हेन्री बोल्टन. त्यांच्या मैत्रिणीने मेगन मार्कलबद्दल पाठवलेले वर्णद्वेषी संदेश बाहेर आले आणि सभासदांनी त्यांना काढलं. मग जेरार्ड बॅटन, ज्यांनी टॉमी रॉबिन्सन या अतिउजव्या माणसाला सल्लागार नेमलं. त्यावर डिसेंबर २०१८ मध्ये फराजच पक्ष सोडून गेला, आणि रेल्वेवाल्यांनीही, पंचवीस वर्षांनंतर, सभासदत्वाचं नूतनीकरण केलं नाही. दोघांनी एकाच महिन्यात एकाच कारणासाठी पक्ष सोडला, यावर प्लंबर अजून त्यांना चिडवतो.

फराजने जाताना नाव मागितलं नाही, पौंडाचं चिन्ह मागितलं नाही. एप्रिल २०१९ मध्ये ब्रेक्झिट पार्टी नावाचं नवं दुकान उघडलं आणि मे महिन्याच्या युरोपियन निवडणुकीत २९ जागा घेतल्या. यूकिपला शून्य. हे मला फार नवल वाटलं. नंतर महाराष्ट्रात शिवसेना फुटली, राष्ट्रवादी फुटली, धनुष्यबाण कुणाचा आणि घड्याळ कुणाचं यावर निवडणूक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाया झाल्या, तेव्हा मी अलॉटमेंटवर त्या समजावून सांगत होते. प्लंबरला कळेना, की माणूस सोडून बाणासाठी कोर्टात कशाला जायचं? रेल्वेवाल्यांना बरोबर कळलं. “कारण तिथे लोकांना वाटतं की पक्ष ही वडिलोपार्जित मिळकत आहे. मिळकत असली की निदान वाद तरी घालता येतो.” मग प्लंबरकडे वळून, “तुझ्या माणसाने कंपनी काढली.”

हे शब्दशः होतं. ब्रेक्झिट पार्टी ही मर्यादित जबाबदारीची कंपनी होती आणि पुढे तिचंच रिफॉर्म यूके झालं. तिचे बहुसंख्य भाग, म्हणजे शेअर, फराजकडे. सभासद नेता बदलू शकत नव्हते. यूकिपच्या कार्यकारिणीतल्या भानगडी बघून तो एवढंच शिकला होता, आणि धंद्याच्या दृष्टीने ते अगदी शहाणपणाचं होतं. २०२४ मध्ये तो क्लॅक्टनमधून अखेर वेस्टमिन्स्टरला, म्हणजे ब्रिटनच्या संसदेत, पोचला, आठव्या प्रयत्नात. रिफॉर्मला १४ टक्क्यांवर मतं आणि पाच जागा. २०२५ मध्ये त्याने आपले भाग सोडले आणि आता सभासदांना अधिकार आहेत म्हणतात. रेल्वेवाल्यांनी त्याची नियमावली छापून आणली होती, महत्त्वाच्या ओळी पेन्सिलने अधोरेखित करून. प्लंबरने ती थर्मासखाली ठेवली.

काकांचं नीट झालं, पण ते कुणी केलं नाही, त्यांनीच केलं. मोबाईलवर पासपोर्ट स्कॅन करून कायम निवासाचा दर्जा मिळवला, मग परीक्षा, मग फी, मग ब्रिटिश नागरिकत्व. दरम्यान युरोपातून येणारे कमी झाले आणि बाहेरून येणारे प्रचंड वाढले. जून २०२३ पर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर नऊ लाखांच्या आसपास गेलं, आणि येणाऱ्यांत भारतीय आघाडीवर. म्हणजे फराजने तेव्हा ज्यांना पसंती दिली, तेच आले. आता त्याला तेही नकोत.

आणि काकांनाही. गेल्या उन्हाळ्यात बीन्स तोडता तोडता ते म्हणाले की आता बास, गावात घरं मिळत नाहीत, दवाखान्यात नंबर लागत नाही, आणि हे नवे विद्यार्थी व्हिसावर येऊन रात्रपाळीचे पगार पाडतात. फराज म्हणतो ते काही चूक नाही. रेल्वेवाल्यांच्या हातातली टोपली तशीच राहिली. म्हणाले, “तुमच्या पासपोर्टविरुद्ध मी मत दिलं होतं. तुम्ही ते विसरलात?”

“तो पासपोर्ट वेगळा होता,” काका म्हणाले.

मी म्हटलं, काका, तुम्ही मला मत नाही म्हणून सांगत होता, ते दिवस आठवा. रेल्वेवाले म्हणाले, माणूस आला की त्याला नीट वागवायचं, आधी कायदा बदला, मग माणसाला बोला. प्लंबर म्हणाला, काका बरोबर बोलतायत, आणि त्यांना चकलीचा डबा दिला. त्या दिवशी मी आणि रेल्वेवाले पहिल्यांदाच एका बाजूला होतो. आम्ही तासभर झुंजलो, स्केडपासून मास्ट्रिक्टपर्यंत सगळं काढलं, आणि साफ हरलो. काका जाताना रुबार्बच्या दोन जुड्या घेऊन गेले. त्याचं ते लोणचं घालतात.